अॅडमिनने डिलीट केलेला मेसेज

माझा नवरा केदारी सीमाभागातल्या वडगावात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन आहे. त्या पदाचा त्याला इतका माज आहे, की नगरसेवकालाही नसेल. ग्रुपचा नियम एकच, मराठीतच लिहायचं. कन्नड अक्षर दिसलं की हातातलं काम टाकून हा ते उडवतो. बाजारात साड्या विकताना मात्र हाच माणूस कन्नडमधून तासभर घासाघीस करतो. कन्नड वाचता तेवढं त्याला येत नाही.

मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठलं होतं. समुद्र घाटापलीकडे, म्हणून आम्ही सगळे निवांत. सकाळी दहाला नागेंद्रने ग्रुपवर कन्नडमधली सरकारी सूचना टाकली. नागेंद्र आमच्याच गल्लीत भाड्याने राहतो, सरकारी कचेरीत आहे, मराठी फर्डं बोलतो. केदारीने सूचना उडवली. त्याने परत टाकली. केदारीने परत उडवली आणि वर त्यालाच ग्रुपमधून काढलं.

मी शाळेत कन्नड शिकलेय, अडखळत का होईना वाचते. मी मोबाइल उघडला तेव्हा मेसेज डिलीट केल्याचं तेवढं दिसलं. काय होतं ते विचारायला माझी जीभ का उचलली नाही, याचाही मला संताप येतो.

चार वाजता वारा सुटला. सासूबाई मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हातमागावर बसल्या होत्या. छप्पर उचकटलं आणि वासा त्यांच्या पायावर पडला. हातमागाला हातांइतकेच पाय लागतात. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण मागावर बसणं आता विसरा.

दुसऱ्या दिवशी नागेंद्र दवाखान्यात आला, तर केदारी त्याच्यावरच धावून गेला.

"मराठीत दोन ओळी टाकाय काय झालतं रं तुला?"

"वरनं जसं आलतं तसं टाकलं, अण्णा. मराठीत टाकलं की सायेब जाब विचारत्यात."

"आणि तू भितोस!"

दोघांच्याही थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. "गप बसा दोघं बी!" मी ओरडले. "नागेंद्र, काय आलतं ते वाच आदी."

त्याने मोबाइल काढला आणि कन्नडमध्येच वाचलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना कुठलंच अक्षर वाचता येत नाही, मराठीही नाही. पण त्यांचं लहानपण कानडी मुलखात, गोकाकला गेलंय.

"दुपारी तीननंतर पत्र्याखाली थांबू नका म्हणतंय की," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी लेकाकडे पाहिलं. "कुणी मोठ्यानं वाचलं असतं तर मी उठून घरात आले नसते व्हय रं, केदारी?"