दिवसा रात्र करणारा पडदा

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे. दुकानाच्या काचेत टांगलेल्या रंगीबेरंगी पडद्यांसारखा देखणा मी कधीच नव्हतो. माझ्याकडे बघून कुणी "किती छान!" म्हटल्याचं मला आठवत नाही. काळाकुट्ट, जाडजूड आणि आता तर अंगभर ठिगळं. पण मला एक काम असं जमतं, की ते भल्याभल्यांना जमत नाही. मी भर उन्हात रात्र करून दाखवतो.

माझा जन्म मालेगावचा. यंत्रमागाच्या खडखडाटात मी विणला गेलो. तिथे शेजारी उभा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. ज्याचं सगळं आयुष्य पुढे झोपेच्या कामी जायचं होतं, त्याचा जन्म असल्या गोंगाटात व्हावा, याचं मला अजून हसू येतं. मग गठ्ठा बांधून मला नाशिकला आणलं, आणि मखमलाबादच्या सावळीराम नानांनी मला विकत घेतलं.

नाना फुलशेती करणारे. मळ्यात गुलाब, झेंडू आणि पॉलीहाऊसमध्ये शेवंती. आता तुम्ही विचाराल, शेवंतीला पडदा कशाला? तर शेवंती मोठी हट्टी. दिवस मोठा असला, की ती नुसती पानं वाढवत बसते. रात्र लांबली, की मगच तिला कळी धरायची आठवण होते. लग्नसराई येते उन्हाळ्यात, तेव्हा फुलांना मागणी असते, आणि नेमका तेव्हाच दिवस संपता संपत नाही. म्हणून नाना ऊन असतानाच मला वाफ्यांवर ओढून घ्यायचे. आत गुडूप अंधार. सकाळी सगळं गाव उठून कामाला लागलं, की मग मला बाजूला सारायचे. शेवंतीला वाटायचं, थंडीचे दिवस आले. ती बिचारी भाबडेपणाने फुलायची.

या कामाचा मला फार अभिमान होता. नाना माझ्याखाली उकिडवे बसून कुठून उजेड शिरतो का ते बघायचे. सुईएवढं भोक दिसलं, तरी लगेच ठिगळ. "अंधार पुरा पायजे," ते म्हणायचे. "अर्धामुर्धा अंधार काय कामाचा?" फूलबाजारातले लोक नानांच्या शेवंतीची तारीफ करायचे, तेव्हा मी मनातल्या मनात माझीही पाठ थोपटून घ्यायचो.

एका वर्षी मात्र गंमत झाली. सगळे वाफे फुलले, आणि दाराजवळचा एक वाफा हिरवागारच राहिला. एक कळी नाही. नानांनी खत बघितलं, पाणी बघितलं, डोकं खाजवलं. कारण मला ठाऊक होतं, पण मला बोलता कुठे येतं? नानांची बायको नवसाबाई मोठी मायाळू. नाना मला ओढून गेले, की ती हळूच यायची, दाराजवळचा माझा कोपरा उचलून दुमडून ठेवायची आणि झाडांशी बोलत बसायची. एवढ्या उन्हाच्या दिवसात लेकरं गुदमरतील, असं तिला वाटायचं. अंधार पडला, की कोपरा पुन्हा खाली सोडून घरी जायची. शेवटी एकदा नानांनी तिला तिथेच गाठलं.

"अगं, मायेनं करतीस ते खरं," नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "पर तिला वाटतं, अजून दिवसच हाय!"

नवसाबाई दोन दिवस रुसून बसली. त्यानंतर मात्र तिने माझ्या कोपऱ्याला हात लावला नाही.

पुढे नानांचे गुडघे दुखायला लागले. वादळात पॉलीहाऊसचं प्लास्टिक फाटलं, ते पुन्हा चढवायचं राहून गेलं. शेवंती गेली आणि माझं काम गेलं. घडी घालून मला मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत टाकलं. वर खताच्या रिकाम्या गोण्या. एका उंदरीने माझ्या घडीत पिल्लं घातली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. ज्याच्या भोकावर माणसं बोट ठेवून ठिगळ लावायची, त्याला आता उंदीर कुरतडतात आणि कुणी विचारत नाही.

अशातच एका सकाळी खोलीचं दार उघडलं आणि नानांचा मुलगा महेश आत आला. तो सातपूरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. हल्ली त्याला कायम रात्रपाळी लागली होती. अंगावर तेच कामाचे कपडे, डोळे लालभडक. त्याने गोण्या पसरल्या, मला ओढून त्यांवर अंथरलं आणि आडवा झाला. घरात झोप येत नाही, म्हणून इकडे आला होता. पण इथेही पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा त्याच्या तोंडावर. या कुशीवरून त्या कुशीवर करत त्याने मला अगदी चुरगाळून टाकलं. मध्येच फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

नाना त्याला शोधत आले. महेश उठून बसला. मग त्याचा बांध फुटला.

"नाना, काल मशीनवर डोळा लागला माझा. हात आत होता. शेजारच्या मशीनवरच्या मयूरनं मागून वढलं म्हणून वाचलो." तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "साहेबानं मशीनवरून काढलं. सामान उचलायला लावलं. म्हने, झोप नीट झाली तरच परत मशीन, नायतर घरी बस."

नानांनी मुलाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. मित्रांनो, मी कापड आहे, पण त्या वेळी मलाही भडभडून आलं.

तसे उपाय सगळे चालू होते. नवसाबाई जायफळ उगाळून दूध द्यायची. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. खसखशीची खीरही झाली. मेडिकलवाल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या दिल्या नाहीत, हे एक बरं झालं. मग महेशची बायको दीपमाला त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी विचारलं, की तुमची झोपायची खोली कशी आहे? चहा किती पिता? फोन कुठे ठेवता? महेशला उत्तरं देताना स्वतःचीच लाज वाटली. पहाटे गाडीवर झोप येऊ नये म्हणून पाळी सुटताना चहावर चहा, उशाशी फोन आणि खिडकीतून सरळ तोंडावर ऊन.

त्याच दिवशी दीपमाला मोटारीच्या खोलीत आली. तिने मला उचललं, झटकलं, घडीत पुन्हा शिरलेल्या उंदरीच्या पिल्लांना गोणीत हलवलं आणि नानांना हाक मारली.

"नाना, शेवंतीचा पडदा मी घेऊ का? यांच्या खोलीला लावते."

"घे की," नाना म्हणाले. "पर उंदरानं पार चाळण केलीय त्याची."

तिने मला धुतलं, वाळवलं. मग सासरे-सून दोघं मला उजेडावर धरून बसले. नाना भोक दाखवायचे, ती ठिगळ लावायची. माझा एक तुकडा खिडकीला लागला, एक दाराला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी भोकं मोजतंय, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण महेशला नीट झोप काही लागेना. पहिले काही दिवस मी अगदी खट्टू झालो. खोलीत अंधार पुरता होता. त्याने चहा पाळीच्या सुरुवातीलाच प्यायचं ठरवलं होतं, फोन स्वयंपाकघरात ठेवायला लागला होता. डोळा लागायचाही. आणि नेमका डोळा लागला, की दुपारी दाराचा पडदा बाजूला व्हायचा आणि उन्हाची फळी त्याच्या तोंडावर पडायची. नवसाबाई गरम भाकरीचं ताट घेऊन उभी.

"महेश, ऊठ बाबा. दोन घास खाय, मंग झोप. उपाशी पोटानं कुठं झोप लागती व्हय?"

महेश चिडायचा, उठायचा, दोन घास कसेबसे गिळायचा. मग संध्याकाळपर्यंत टक्क जागा. त्याला भूक लागतच नव्हती. तो वाळत चालला होता, आणि तो वाळतोय म्हणून आईचा जीव आणखी तुटत होता. सासूच्या हातातलं ताट अडवायचं कसं, हे दीपमालाला सुचेना.

एका दुपारी नवसाबाई पुन्हा आली. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने तिने माझा कोपरा धरला आणि उचलला. थोडासा. उजेडाची रेघ महेशच्या पायांपर्यंत गेली, आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. माझा तोच जाड काठ, नानांनी कधीकाळी घातलेली तीच दोऱ्याची शिवण.

"अगं बया," ती स्वतःशीच पुटपुटली. "मी पुन्हा तेच करतीय."

तिने मला अलगद खाली सोडलं. काठ जमिनीला टेकला का ते वाकून बघितलं. ताट झाकून ठेवलं आणि दाराबाहेर बसकण मारली.

त्या दिवसापासून तिने सगळी रीतच बदलली. महेश सकाळी घरी आला, की आधी मऊ खिचडी किंवा ताकभात, मग पायाला तूप, मग झोप, रोज त्याच वेळेला. एकदा पडदा पडला, की दारात नवसाबाईचा पहारा. मिक्सर बंद. भाजीवाला ओरडत आला, की ती हातानेच त्याला पुढे पिटाळायची. शेजारीण गप्पा मारायला आली, तर म्हणायची, "माझ्या घरात रात्र झालीय बाई, संध्याकाळी ये." उठल्यावर नाना महेशला मळ्यात न्यायचे, उतरत्या उन्हात झेंडूला पाणी द्यायला. अंग मोकळं व्हायचं, डोकंही.

जादू झाली नाही, मित्रांनो. आधी झोप थोडी लांबली. मग मध्ये जाग आली, तरी तो परत झोपायला लागला. आणि एक दिवस सावल्या अंगणभर लांबल्या, तरी आतून आवाज नाही. नवसाबाई घाबरून दोनदा उठली आणि दोनदा परत बसली. शेवटी महेश स्वतःच मला सारून बाहेर आला. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

"आई, लय भूक लागली," तो म्हणाला. "काय हाय खायला?"

नवसाबाई तशीच उठून चुलीपाशी गेली आणि भाकऱ्या थापत सुटली. घरातल्या सगळ्यांना पुरून उरतील इतक्या झाल्या.

पुढच्या महिन्यात साहेबाने महेशला परत मशीनवर घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शेजारात कुणी रात्रभर काम करून येत असेल. त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या खिडकीला माझ्यासारखा एखादा जाड पडदा लावा, त्याचा फोन बाहेर ठेवा आणि दाराशी हळू बोला. तुम्हाला त्याची कितीही माया आली, तरी त्याची झोप पुरी होऊ द्या. आणि पडदा जुना झाला म्हणून फेकून देऊ नका. ठिगळ लावलं, तर तो अजून बरंच काम करतो.

मीही आता आवाज खाली करतो. बाहेर लख्ख ऊन आहे आणि आत महेश गाढ झोपलाय. त्याचे दोन्ही हात उशीवर पसरलेत, आणि दहाही बोटं जागच्या जागी आहेत.