लागलं का?

“अहो, रक्त येतंय बोटातून. लागलं का?”

बायकोने विचारल्यावर त्याने बोटाकडे पाहिलं. दाढीचं पातं बदलताना टोक कापलं होतं आणि बेसिनमध्ये थेंब पडत होते. त्याला पत्ताच नव्हता. कुठे काय, असं म्हणून त्याने बोट नळाखाली धरलं. साखरेने बोटांच्या नसा मेल्यात, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ते त्याने घरातच ठेवलं होतं, कारखान्यात नेलं नव्हतं.

कारखान्यात हाच प्रश्न दिवसभर चाले, अर्थ तेवढा निराळा. तो कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन चालवायचा. लोखंड कापायचं काम मशीनचं, पण सुरुवात कुठून करायची ते त्याला माणसानेच सांगावं लागतं. त्यासाठी थांबलेलं टूल, म्हणजे कापायचं हत्यार, ठोकळ्यावर हळूहळू खाली आणायचं आणि मध्ये कागदाची पट्टी धरून मागेपुढे सरकवत राहायची. पट्टी जराशी अडली, की टूल ‘लागलं’. तोच झिरो. त्याच्याही खाली गेलं तर काम खोल जातं, आणि कापलेलं लोखंड काही परत चिकटवता येत नाही. पट्टीचं हे अडणं त्याची बोटं अशी ओळखायची, की सगळे त्याला झिरोशेठच म्हणत. शर्टाच्या खिशात पट्ट्या कायमच्या. धुण्याच्या बादलीतून त्यांचा लगदा काढून काढून बायको कंटाळली होती.

त्या दिवशी मशीनवर मोठा साचा होता. सगळ्यांनी महिनाभर राबून तो इथवर आणला होता, शेवटचा हात तेवढा फिरवायचा राहिला होता. असा हात झिरोशेठचाच, हे ठरलेलं. त्याने पट्टी धरली, हँडल फिरवलं, टूल खाली येऊ लागलं. शेजारच्या मशीनवर त्याचा जुना सोबती होता. त्याचं तोंड दिवसभर बंद होत नसे, म्हणून त्याला रेडिओ म्हणत.

“लागलं का, शेठ?” रेडिओने नेहमीसारखं विचारलं.

“येतंय.”

पट्टी सरकते आहे असं त्याला वाटलं. त्याने हँडल आणखी एक खटका फिरवलं. आणखी एक. मग सहज खाली पाहिलं. अर्धी पट्टी टूलखाली गच्च बसली होती आणि फाटलेली अर्धी त्याच्या चिमटीत मागेपुढे चालली होती.

टूल वर घेऊन त्याने साचा तपासला. ओरखडा नव्हता, नशीब थोर.

नजरेनेच अंदाज घेऊन मशीन चालू करता आलं असतं. साचा बिघडेपर्यंत कोणाला कळलंही नसतं. आणि आज तोंड उघडलं, तर उद्या या मशीनपाशी आपण नसणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. हँडलवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. इतक्या माणसांत त्याला फार एकटं वाटलं. मग त्याने रेडिओला हाक मारली.

“पट्टी तू धर.”

“मी? शेठ, सकाळी सकाळी चेष्टा नको.”

“मला कळत नाहीये रे. बोटं गेली माझी.”

रेडिओने हात पुसले आणि पट्टी घेतली. एरवी याला गप्प करायला भोंगा वाजावा लागे. आज तो आपणहून गप्प होता. हँडल झिरोशेठनेच फिरवलं, नजर सोबत्याच्या बोटांवर ठेवून.

“लागलं का?” या खेपेला त्याने विचारलं.

“लागलं,” रेडिओ हळूच म्हणाला.

साचा उत्तम झाला. सुट्टी झाल्यावर झिरोशेठ स्वतःच मालकांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. मालक वाईट बोलले नाहीत. स्टोअरमध्ये बसून काम आहे, उद्यापासून तिकडे या, म्हणाले.

घरी येऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की मशीन सुटलं. धुण्याला टाकलेल्या शर्टाचा खिसा तिने सवयीने चाचपला. तो रिकामा होता. तसाच शर्ट मांडीवर घेऊन ती त्याच्याजवळ येऊन बसली.

“फार लागलं का?”

“लागलं,” तो म्हणाला.

तिने त्याची बोटं हातात घेतली. घट्ट धरली आहेत की नुसतीच, हे कळायला त्याला खाली बघावं लागलं.