वारा पडला की

ताई आठ दिवसांसाठी आत्याकडे आली होती, त्याला सहा हिवाळे झाले. आत्या पडली, कमरेखाली लुळी झाली, आणि "बरं वाटेपर्यंत राहा गं" म्हणाली. बरं काही वाटलं नाही. आमच्या ताईला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून शेवटी मीच शिलाईचं दुकान बंद करून तिला न्यायला आले. कपड्यांचा एकच जोड आणला. मला कोण अडवणार होतं?

अडवलं समुद्राने. या शहरातून बाहेर पडायला एक लाँच, आणि भर थंडीत तिला वेळापत्रक नाही. वारा पडला की धक्क्यावर भोंगा होतो, लाँच येते, माणसं उतरतात, चढतात, आणि चहा गाळून होईपर्यंत ती निघालेलीसुद्धा असते. आत्याला सांभाळणारी नवी बाई त्याच लाँचने यायची होती. ती वर आली की आम्ही खाली.

आठवडाभर मी त्या खोलीत धुमसत बसले. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, काचेवर मीठ, आत मलमाचा वास. खालच्या रस्त्यावर सगळी शटर्स बंद. ताईची बॅग दाराशी तयार. जीव नुसता गुदमरत होता.

एका सकाळी वारा पडला. मी म्हटलं, "चल, तोवर हिची चादर बदलून घेऊ."

"आत्ता नको," ताई म्हणाली. "वारा पडला की आत्याला हलवायचं नसतं. भोंगा कधीही होतो."

"काही होत नाही. मी धरते, तू ओढ." माझा स्वभावच असा, दुसऱ्याचं ऐकलं तर शपथ.

आत्याला कुशीवर धरलं, चादर अर्धी निघाली, आणि भोंगा झाला. पाठीवरची जखम उघडी. सोडलं असतं तर आत्या जखमेवरच पडली असती.

"तू हो पुढे," मी ताईला म्हटलं. "बाईला वर पाठव. आम्ही हिला निजवतो, मग मी पळत येते."

ताई बॅग उचलून गेली. खिडकीतून धक्का दिसत होता. लाँचमधून दोन पुरुष उतरले, एक सायकल उतरली. बाई नव्हती.

ताईनेही ते पाहिलं. ती थांबली, लाँच रिकामी होईपर्यंत थांबली. मग मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. आता ही परत येणार, मला खात्री होती. खरं सांगते, यावी असंच वाटत होतं.

ताई लाँचमध्ये चढली.

हात हलवून तिला बोलवावं म्हटलं, तर दोन्ही हात आत्याखाली अडकलेले.

"गेली का गं?" आत्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"गेली."

"बरं," आत्या म्हणाली. "तुझे हात तिच्यापेक्षा उबदार आहेत."