फुंकून भरलेला चेंडू

मित्रांनो, मी चेंडू आहे, पण मला आजवर कुणी लाथ मारलेली नाही की बॅटीने झोडपलेले नाही. मी निळा, रबरी, आणि एके काळी एवढा मोठा होतो की माझ्यावर माणूस बसत असे. आता जुना झालो आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर माझी घडी घालून ठेवली आहे. चेंडूची घडी! हसू नका. त्या घडीमागे एक हकीकत आहे.

कारखान्यातल्या गरम साच्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून मी व्यायामाच्या सामानाच्या दुकानात आलो. वाटले, एखाद्या पैलवानाच्या घरी जाईन. पण मला घेतले ते एका पंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने. इमारतींच्या तळघरांतले पाण्याचे पंप बिघडले की लोक त्याला बोलावत. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. घरात पाच वर्षांची थोरली मुलगी आणि सासूबाई, एवढीच माणसे.

पहिल्या खेपेला ती दवाखान्यात फार घाबरली होती. पडद्याआड एकटीच पडलेली. कळ आली की ओरडायची, आणि कुणीतरी दटावायचे, "गप्प बस, तू काही जगावेगळं करत नाहीस." ते शब्द तिच्या मनात काट्यासारखे रुतले होते. म्हणून या वेळी तिने एका सुईणबाईंना गाठले. बाई रीतसर शिकलेल्या होत्या आणि घरी येऊन बाळंतपण करत. त्यांनी तिला हिप्नोबर्थिंग शिकवायला घेतले. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. डोळे मिटायचे, श्वास नाकाने हळू घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा, अंग सैल टाकायचे. 'कळ' म्हणायचे नाही, 'लाट' म्हणायचे. लाट येते तशी जाते. जवळच्या माणसाने पाठीवर हात ठेवून ठरलेली वाक्ये म्हणायची. ते काम मेकॅनिकचे. आणि ओणवे होऊन रेलायला मी.

मला घरी आणले आणि पंचाईत झाली. खोक्यात हवा भरायचा पंपच नव्हता.

"जगाचे पंप दुरुस्त करतो आणि स्वतःच्या घरात पंप नाही!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मग ही फुफ्फुसं काय शोभेला आहेत?" असे म्हणत तो जमिनीवर बसला आणि तोंडानेच फुंकू लागला. थोडा वेळ फुंकायचे, मग चक्कर, मग पाणी, मग पुन्हा फुंकायचे. गाल लाल, डोळे बाहेर. थोरली टाळ्या पिटत होती. बायको पोट धरून हसत होती. संध्याकाळपर्यंत मी टम्म फुगलो. मित्रांनो, एवढा थाट फार थोड्या चेंडूंच्या वाट्याला येतो.

रोज संध्याकाळी ती माझ्यावर रेलायची आणि तो मागे बसून म्हणायचा, "खांदे सोड. जबडा सोड. मी इथंच आहे." दिवसभराच्या कामाने थकलेला असला की "जबडा सोड" म्हणता म्हणता स्वतःचाच जबडा सोडून घोरू लागायचा. सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असायच्या. "श्वास घ्यायची शिकवणी! आम्ही काय इतकी वर्षं उगीच नाकं बाळगली? लाट म्हणा नाही तर वारा म्हणा, दुखायचं ते दुखणारच."

मग एका सकाळी तो कामावर गेला आणि परत आला नाही. कुठल्याशा तळघरात पाणी साचले होते. पंपातली वीज त्या पाण्यात उतरली होती, आणि त्याने पाय ठेवला. मला एवढेच ठाऊक आहे, कारण घरात याहून जास्त कुणी बोललेच नाही.

घर मुके झाले. तिने सराव सोडला. कधी कधी ती नुसती माझ्यावर गाल टेकून बसायची. सासूबाई रडल्या नाहीत. त्या भांडी घासायच्या. घासलेलीच पुन्हा घासायच्या. आणि मी हळूहळू मऊ पडत चाललो. रबराचे तसेच असते, हवा कुठून जाते ते कळत नाही.

एकदा तपासायला आल्या तेव्हा सुईणबाईंनी मला दाबून पाहिले. "हवा कमी झालीय. मी पंप घेऊन येते."

"नको!" ती एकदम म्हणाली. "हात लावू नका. यात त्यांचा श्वास आहे."

सुईणबाईंनी हात काढून घेतला. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकले. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "पोरी, आता दवाखान्यातच जाऊ या. घरी तुझ्याजवळ कोण आहे?"

"तिथं तरी कोण आहे, आई?"

सुईणबाईंनी समजावले, "बाळ नीट आहे, हिची तब्येतही चांगली आहे. दवाखाना जवळ आहे, गाडी सांगून ठेवते. पण मला जरा जरी वेगळं वाटलं, तर मी विचारत बसणार नाही. सरळ नेईन." तिने मान हलवली.

तो दिवस उजाडला. थोरलीला शेजारी पाठवले. सकाळी उन्हे खोलीत आली तेव्हा लाटा जोरात येऊ लागल्या होत्या. ती माझ्यावर रेलली, आणि मित्रांनो, मी तिला पेलू शकलो नाही. मी खाली बसलो. तिचे कपाळ जमिनीला टेकले. तिचा श्वास तुटू लागला, मुठी वळल्या, ती ओरडली, "मला नाही जमत!" आपण कुणाच्या उपयोगी पडण्यासाठीच जन्मलो आणि नेमके तेव्हाच मऊ पडलो, याहून मोठे दुःख वस्तूला नसते.

"याच्यात हवा भरायला हवी," सुईणबाई म्हणाल्या.

"नाही म्हटलं ना!"

तेव्हा सासूबाई गुडघ्यांवर हात देत जमिनीवर बसल्या. "त्याची हवा काढायची नाही गं. वरून माझी घालते. तोही नऊ महिने माझ्याच श्वासावर वाढला होता ना?"

तिने वर पाहिले. मग हात माझ्यावरून उचलला.

सासूबाईंनी बूच ओढले आणि झटकन अंगठा दाबला. तरी थोडी हवा निसटलीच. ती त्यांच्या तोंडावर आली. त्या डोळे मिटून तशाच थांबल्या. मग त्यांनी तोंड लावले. म्हातारी छाती, एक फुंकर आणि दोनदा खोकला. पण त्या थांबल्या नाहीत. चार-पाच लाटा गेल्या, आणि पुढची आली तेव्हा मी उभा होतो.

आणि मग त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "खांदे सोड. जबडा सोड." भाजी निवडता निवडता सगळे पाठ झाले होते! तिसऱ्या वाक्याशी त्या अडखळल्या. "मी... मी आहे इथं, पोरी."

तिचा श्वास लांबला. दुपार होण्याआधी मुलगी झाली. धाकटी रडली, आणि तिच्यापाठोपाठ सासूबाई रडल्या. इतक्या दिवसांचे सगळे, मोठ्याने, भिंतीला टेकून. सूनही रडत होती. त्या दिवशी त्या घरात कुणी कुणाला गप्प बस म्हटले नाही.

त्यानंतर मला कोपऱ्यात जागा मिळाली. माझ्यावर कुणी बसायचे नाही, थोरलीनेसुद्धा नाही. रोज फडक्याने पुसायचे. पण जपून ठेवलेल्या वस्तूही जुन्या होतातच. धाकटी रांगू लागली होती. भर उन्हाळ्यात एका दुपारी सगळ्या तिला घेऊन लसीचा डोस द्यायला गेल्या होत्या, तेव्हा माझा जोड सुटला. हवा बाहेर जाऊ लागली. मी ती धरून ठेवू शकलो नाही, आणि हाक मारायला घरात कुणी नव्हते.

ती परत आली, मला पाहिले आणि खांद्याची पिशवीही न काढता खाली बसली. "आई, गेला हो."

सासूबाईंनी धाकटीला तिच्या मांडीवर दिले आणि मला उचलून चाचपले. "माझाही होता त्यात," त्या हळूच म्हणाल्या. थोरलीने विचारले, "दुसरा आणायचा का?" त्याच दिवशी मला धुतले, सावलीत वाळवले आणि दोघींनी दोन टोके धरून माझी घडी घातली.

मित्रांनो, रबर उन्हात ठेवू नका, बूच घट्ट लावा, हे तर मी सांगेनच. पण एवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवले नव्हते. तुमच्या जवळचे कुणी दुःखात असेल, तर त्याला "गप्प बस" म्हणू नका, "विसर आता" म्हणू नका. काय बोलावे ते सुचले नाही तरी चालेल. जवळ बसा. फक्त लवकर उठून जाऊ नका.