साहेबाचं कुलूप

हेमलताला 'का?' विचारायची खोड होती. माहेरी ती खपून गेली. लग्न होऊन दिल्लीला आली आणि पंचाईत झाली, कारण इथं घरात, कॉलनीत, कचेरीत कुठंही जा, उत्तर एकच: पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, असं विचारलं की माणसं तिच्याकडे अशी बघत, जणू बाई शिजल्या भातातली शितं मोजायला बसलीय.

कॉलनी हिंदूरावच्या टेकडीच्या पायथ्याशी. मूळच्या गोऱ्या सोल्जरांच्या बराकी, आता त्यात केंद्र सरकारचे बाबू राहायचे, त्यातले निम्मे मराठी. मागच्या बाजूला उंच भिंत, भिंतीत एक लोखंडी दार आणि दाराला मुठीत मावणार नाही एवढं थोरलं कुलूप. त्याला सगळे साहेबाचं कुलूप म्हणत. पाहुणा आला की आधी चहा, मग कुलूप, हा इथला शिरस्ता. आणि ते दाखवायचा मान हेमलताच्या सासऱ्यांचा, भाऊसाहेबांचा.

भाऊसाहेब सेक्रेटेरिएटमधून रिटायर झालेले. सांगायला लागले की ऐकत राहावं असं सांगायचे. "सत्तावन्नचं बंड मोडलं, पण साहेबाची झोप उडाली ती उडालीच. त्याआधी तो इथल्या लोकांत बसायचा, हुक्का ओढायचा. बंडानंतर त्यानं पहिलं काय केलं? भिंत बांधली. कंपनी गेली, राणी आली, नवे कायदे आले, ते सगळं मागाहून. आधी भिंत. अलीकडे गोरे, पलीकडे काळे. दिवस मावळला की बिगुल, आणि बिगुल वाजला की पाणी भरणारे भिस्ती, गवत कापणारे घसियारे, सगळे या दारातून बाहेर." मग कुलपावर थाप मारून म्हणायचे, "तेच हे कुलूप."

पाहुणे कुलपाला हात लावून बघत. एका काकूंनी तर नमस्कारच केला होता. कशाला केला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

हेमलतालाही ही गोष्ट आवडायची, खोटं कशाला बोला. पण बहात्तर सालच्या पावसाळ्यात तिला त्या दाराची गरज पडली. सासूबाईंना, सरलाबाईंना, साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, रोज इस्पितळात येऊन ड्रेसिंग करून घ्या आणि पायावर जोर देऊ नका, नाहीतर अंगठा काढावा लागेल, पुढे पाऊलही. इस्पितळ भिंतीच्या पलीकडे, दार उघडं असतं तर हाकेच्या अंतरावर. दार बंद म्हणून टेकडीला अख्खा वळसा. एवढ्याशा भाड्याला स्कूटर-रिक्षावाला उभा राहायचा नाही. सरलाबाई सुनेचा हात धरून चालत जायच्या आणि नवी पट्टी घरी येईस्तोवर लाल व्हायची. म्हणजे आजार परवडला पण औषध नको, अशी गत.

हेमलताच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, दार उघडून मिळावं म्हणून खात्याकडे अर्ज केला. तो परत आला.

"ब्रिटिश काळापासूनचं कुलूप आहे म्हणतात," श्रीरंग बूट काढत म्हणाला. "मूळ हुकूम दाखवल्याशिवाय हात लावता येत नाही."

"मग दाखवा ना हुकूम."

"तो सापडत नाही."

"सापडत नाही, तर होता कशावरून?"

"कुलूप आहे म्हणजे हुकूम असणारच ना, यार."

हेमलताला हसावं की रडावं कळेना. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या, साहेबानं बांधलेल्या बंडाच्या मनोऱ्यावर सरकारनं नवीन पाटी बसवली होती, की यावर ज्यांना शत्रू म्हटलंय ते खरे स्वातंत्र्यासाठी लढणारे होते. भाऊसाहेब ती वाचून आले आणि दोन दिवस तेच बोलत होते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, शत्रूचे वीर झाले, पण साहेबाचं कुलूप काही हलेना. कसं असेल हो ते साहेबाचं मन, हा विचार काही हेमलताच्या डोक्यातून जाईना. कुलपावर त्यानं राणीचा मुकुट तरी कोरला असेल का?

एका दुपारी ती घासलेट आणि काथ्या घेऊन गेली आणि कुलूप घासायला बसली. रंगाचे थर निघाले, खालचा गंज निघाला, आणि मुकुट काही निघाला नाही. निघाला चरखा. चांगला गोल, आऱ्यांसकट चरखा. त्याखाली देवनागरीत लिहिलं होतं: जय हिंद, अलीगढ.

साहेब कुलपावर जय हिंद लिहील? म्हणजे हे कुलूप साहेब गेल्यावर कुणीतरी लावलं. आणि इतकी वर्षं आपण सगळे त्याला साहेबाचं म्हणतोय.

कुणी लावलं, हे कॉलनीत विचारलं तर तेच, पहिल्यापासून आहे. तेव्हा तिनं ठरवलं, पलीकडे विचारायचं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना ड्रेसिंगला आत बसवलं आणि ती मागच्या वस्तीत शिरली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचे तंबू तिथं पडले होते, त्यांची आता पक्की घरं झाली होती. दार ज्या अंगणात निघत होतं ते वीरांवाली नावाच्या म्हाताऱ्या पंजाबी बाईचं. सगळे तिला बीजी म्हणत. बीजी खाटेवर बसून मटार सोलत होती. तिच्या मागे तेच लोखंडी दार, आणि दाराला इकडूनही साखळी आणि कुलूप.

"बीजी, हे कुलूप कुणाचं?" हेमलतानं हिंदीत विचारलं.

"ते माझं. तिकडचं तुमचं."

"तिकडचं कुणी लावलं?"

बीजीनं शेंगा बाजूला ठेवल्या. "अठ्ठेचाळीसचा पावसाळा. आमच्याकडे नळ नव्हता, तुमच्याकडे होता. दार उघडंच असायचं, साहेब गेला तेव्हापासून. आम्ही पाणी भरायचो. तुमच्या बायका भाकरी द्यायच्या, एक बाबू तर उभा राहून रांग लावायचा, म्हाताऱ्यांना पुढे घ्यायचा. मग तंबूंत हैजा आला, कॉलरा. एका सकाळी आम्ही घागरी घेऊन आलो, तर दार बंद. आवाज दिला तर आतून म्हणाले, सरकारचा हुकूम आहे. मी म्हटलं, अंग्रेज तो चले गए, आता कुठलं सरकार? त्याचं उत्तर आलं नाही." तिनं मटाराची एक शेंग परत उचलली. "नाल्याचं पाणी प्यायलो. माझी धाकटी गेली त्यात. मग मी पण इकडून कुलूप घातलं."

तरी हेमलतानं सासूबाईंच्या पायाचं सांगितलं, दार उघडशील का म्हणून विचारलं.

"उघडीन की," बीजी म्हणाली. "ज्यानं ते लावलं त्यानं येऊन म्हणावं, मी लावलं. सरकारनं नाही. त्यानं."

कुणाला शोधायचं, हा प्रश्न घेऊन हेमलता घरी आली. तिथं दोन दिवसांनी श्रावणी होती. भाऊसाहेब दरवर्षीसारखे पाटावर बसले, नवं जानवं घातलं, जुनं काढलं, आणि जुन्याला बांधलेली किल्ली सोडून नव्याला बांधायला घेतली. लग्नापासून ती किल्ली हेमलता बघत होती. जानव्याला किल्ली बांधणारे म्हातारे तिच्या माहेरीही होते, त्यात नवल ते काय. पण आज तिनं नीट पाहिलं. किल्लीच्या डोक्यावर चरखा होता.

"भाऊसाहेब, ही किल्ली कशाची?"

"ट्रंकेची," ते वर न बघता म्हणाले.

सरलाबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी कमरेचा जुडगा काढून जमिनीवर ठेवला. "ट्रंकेची माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांचे हात गाठीवरच राहिले.

"अलीकडेही दोन मुलं गेली होती हैजानं," ते शेवटी म्हणाले. "सगळे माझ्याकडे आले. मी कॉलनीच्या कमिटीचा सेक्रेटरी. काहीतरी करा म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही हो. साहेबानं जे केलं तेच सुचलं. आणि आपण केलं म्हणायची लाज वाटली, म्हणून साहेबाचं कुलूप म्हटलं. लोकांनाही तेच सोयीचं होतं, त्यांनी मानलं. खात्यानंही मानलं." ते सरलाबाईंकडे बघत म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"मी रोज तिकडून घागरींचा आवाज ऐकत होते," सरलाबाई म्हणाल्या. "मी तरी कुठं बोलले?"

हेमलताला सासऱ्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी पोटातून कळवळाही आला. दोन्हींतलं काय बोलावं ते कळेना, म्हणून तिनं बीजीची अट तेवढी सांगितली.

भाऊसाहेब उठले. सोवळं तसंच, वर सदरासुद्धा नाही. श्रीरंगनं खुर्ची भिंतीतल्या दारापाशी नेऊन ठेवली आणि आईला उचलून तीत बसवलं. हेमलतानं घासताना आत घासलेट सोडलं होतं, तरी किल्ली पहिल्यांदा अडली. दुसऱ्यांदा फिरली. कुलूप काढून भाऊसाहेबांनी हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं लोखंडावर थापा मारल्या.

"कौन है?" पलीकडून बीजीचा आवाज आला.

"जी, सरकार की तरफ से..." भाऊसाहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"अहो," सरलाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "नाव सांगा."

भाऊसाहेबांनी कपाळ दाराला टेकलं. "मैं भाऊसाहेब. ये ताला मैंने लगाया था. सरकार ने नहीं, मैंने."

"कौन से भाऊसाहेब?" बीजीनं विचारलं. "एक बाबू था, लाइन लगवाता था, बूढ़ों को आगे करता था. वो? या जिसने बंद किया, वो?"

हेमलता भाऊसाहेबांच्या शेजारी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या उत्तराची भीती वाटली.

"दोनों," ते म्हणाले. "दोनों मैं ही हूँ, बहनजी."

पलीकडे खाट करकरली. चपला दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. मग साखळी वाजली.