आधी मी बघते

“डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.”

आपल्या लाँड्रीत धुलाईला आलेल्या कोटाच्या कॉलरला चिठ्ठी टाचता टाचता धाकटीला ताईचा तो आवाज आठवला आणि टाचणी हातातच राहिली. लहानपणी सुट्टीच्या दुपारी दोघी सिनेमाला जायच्या, तोही भुताच्या. पडद्यावर दार करकरलं की ताईचा तळवा हिच्या डोळ्यांवर.

“काही नाही गं, म्हातारी पाणी प्यायला उठलीय,” ताई कानात सांगायची.

सगळं थिएटर किंचाळायचं आणि धाकटीला मात्र त्या म्हातारीच्या तहानेचीच काळजी. खेळ सुटला की ताई उन्हात येऊन पोट धरधरून हसायची, मग घरापर्यंत पळतच जायची. तिच्या पायांना उसंत म्हणून नसायची.

तीच ताई आता चष्म्याच्या दुकानातलं भिंगं घासायचं काम सोडून घरात बसली होती. नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. केस विंचरायचंही जिवावर यायचं. पडदे ओढून भुताचे सिनेमे बघायचे, एवढंच काय ते उरलं होतं.

“आधीच मन हळवं, त्यात ही भुतं. आगीत तेल कशाला?” ताईचा नवरा, भाऊजी, म्हणाले.

धाकटीलाही ते पटलं. दोघांनी मिळून टीव्हीवरचे ते सिनेमे कुलूपबंद केले आणि ताईला छान छान, हसरे सिनेमे लावून दिले. आठवडा सरला नाही तोच ताई चहालाही उठेनाशी झाली.

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ते बघून तिला काय वाटतं, हे विचारलंत का तिला?”



त्याच संध्याकाळी, म्हणजे कालच, धाकटी पलंगावर ताईच्या मागे जाऊन बसली आणि फणी घेऊन केसांतला गुंता सोडवू लागली.

“ताई, काय आवडतं गं तुला त्या भुतांत?”



“हसऱ्या सिनेमात सगळे सुखात असतात,” ताई भिंतीकडे बघत म्हणाली. “तिथं मीच एकटी उपरी. भुताच्यात सगळेच घाबरलेले. त्यांच्यात मी खपून जाते.” तिनं छातीवर हात ठेवला. “छातीत धडधडतं. मग वाटतं, आत आहे अजून कोणीतरी. आणि संपला की चक्क भूक लागते.”

“आणि मी मूर्ख, तेच बंद करून बसले.”

“अगदीच काही चुकलं नाही तुझं. एखादा सिनेमा संपतच नाही. मागे एक पाहिला, त्यात भूतबित काही नव्हतं. एक बाई नुसती खोलीत बसून असते आणि तिला शोधायला कोणीच येत नाही. तो बघितल्यावर मला…” ताईनं गोधडीचं टोक मुठीत धरलं. “तसला पुन्हा नको गं. पण बघितल्याशिवाय कळणार कसं, कुठला कसला ते?”

धाकटीनं गुंता बोटांनी हलकेच मोकळा केला.

“आधी मी बघते. मी हो म्हटलं तरच तू बघायचा.”

ताईनं मान वळवली. कित्येक महिन्यांनी तिच्या ओठांचे कोपरे हलले.

“तू? झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी?”

“थिएटरात खुर्च्याच खुर्च्या असतात.”

“शब्द दे.”

“दिला.”

धाकटीनं आता चिठ्ठी टाचून टाकली, कोट दांडीवर अडकवला आणि नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं.

“भर दुपारी कुठं निघालीस?”

“आलेच जाऊन.”

थिएटरच्या खिडकीतल्या माणसानं तिचं नीट विंचरलेलं डोकं, हातातली पिशवी, सगळं न्याहाळलं.

“मावशी, हा भुताचा आहे हं. कौटुंबिक पलीकडच्या खिडकीवर.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “एकच द्या. सगळं नीट दिसेल अशा जागेचं.”