खटक्यावरची सुतळी

मित्रांनो, पिकअपमध्ये दोराने बांधलेली, पेट्रोलवर चालणारी जुनी गवत कापायची मशीन म्हणजे मीच. अमडापूरच्या उत्तमरावांच्या लग्नाच्या लॉनवर माझी उमेदीची वर्षं गेली आणि आता मी डोणगावला निघाले आहे. माझी हकिकत नीट ऐका, कारण तिच्यावर कुणाचा तरी हात अवलंबून आहे.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या दांड्याला एक खटका दिला होता. तो दाबून धरला तरच पातं फिरायचं. सोडला की लगेच थांबायचं. माझ्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच. पण दाबून दाबून माळी भागवतचा पंजा भरून यायचा.

"बांध ना बे त्याले सुतळीनं," उत्तमराव म्हणाले. "घडीघडी बंद पडली तं लॉन कवा होईन?"

भागवतने पक्की निरगाठ मारली. मग माझं काम झपाट्याने होऊ लागलं. पाहुणे हिरवळीचं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

दसऱ्याला भागवतच्या बायकोने, झुंबरबाईने, मला हळदीकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. पूजेचा हार आपल्या हाताने काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाआधी भागवत गवत कापत असताना तो वाळका हार घसरून पुढे पडला, पात्यात गुंतला आणि पातं अडकलं, इंजिन मात्र घुरघुरतच राहिलं. त्याने मला आडवं केलं आणि हार ओढला. खटका बांधलेलाच होता. पातं मोकळं झालं आणि गर्रकन फिरलं. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ती किंकाळी मी अजून विसरलेली नाही.

मग उत्तमरावांनी हाताने ढकलायची मशीन आणली. तिला ना इंजिन, ना पेट्रोल. ती आता झुंबरबाई ढकलते. बाई थांबली की पातंही थांबतं. आधी मला त्या मशीनचा फार हेवा वाटला. आता वाटत नाही, वेळेवर थांबण्यातलं तिचं शहाणपण मला कळलंय. भागवत हात रुमालात गुंडाळून गेटावर गाड्या लावत उभा असतो.

आज डोणगावच्या वामनरावांनी मला विकत घेतलं.

"हे सुतळी काऊन बांधली?" त्यांनी विचारलं.

"हात दुखत नाही त्यानं. राहू द्या तशीच," उत्तमराव म्हणाले.

गेटाशी भागवतने गाडी अडवली. "भाऊ, हे गाठ तेवढी सोडू द्या मले!" असं ड्रायव्हरला म्हणत तो वर चढला. डाव्या हाताने खटका धरून उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी तो गाठ ओढू लागला. तेल पिऊन ती आवळली होती. त्याची स्वतःचीच गाठ, पण सुटेना.

"झुंबर, विळा आण वं!" तो ओरडला. झुंबरबाई हातातली मशीन टाकून धावली.

"उतर बे, उशीर होऊन राह्यला," ड्रायव्हर खेकसला. भागवत उतरला आणि गाडी निघाली. विळा घेऊन झुंबरबाई गेटाशी पोहोचली तेव्हा आम्ही रस्त्याला लागलो होतो.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, त्याची धूळ पुसा, पूजाही करा. पण त्याला थांबवणारी गोष्ट कधी बांधून ठेवू नका. उद्या डोणगावात मला कोण हातात घेईल, मला ठाऊक नाही. जो कुणी घेईल त्याला एवढंच सांगा, गवताआधी ही सुतळी काप.